'साडेएक' म्हणणारं पोरगं खरंच चुकतं का?

काटेवाडी असो किंवा बारामती-इंदापूर पट्ट्यातलं दुसरं कुठलं गाव, इथल्या लहान मुलांच्या कानावर पहिल्यापासून काय पडतं? दीड एकर ऊस, पाऊण एकर मका, अर्धा लिटर दूध, सव्वानऊची एसटी. म्हणजे शाळेत अपूर्णांकाचा धडा यायच्या आधीच ते अपूर्णांक बोलत असतं.

मग धडा येतो आणि सोबत अंश, छेद, 'तीन चतुर्थांश' येतात. हेच ते आपलं पाऊण, हे बऱ्याचदा त्याला कुणी सांगतच नाही.

२०१९ आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं आणि राज्यभर राडा झाला. जोडाक्षरांमुळे मुलं संख्यावाचनात अडखळतात, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. ज्यांच्या कुटुंबाचं गाव काटेवाडी, त्या अजित पवारांनी विधानसभेत विचारलं, मग मुख्यमंत्र्यांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का? मीम्स भरपूर आले. पण मूल संख्या कशी समजून घेतं, हा नारळीकरांचा मूळ मुद्दा त्यात हरवला.

अपूर्णांकात तर मराठी मुलांचं पारडं जड आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या प्रत्येकाला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घ्यायचे. १९५७ मध्ये आणे जाऊन दशमान नाणी आली, पुढे शेर-छटाक गेले, तसे हे पाढेही मागे पडले.

ते परत घोकायला लावा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. आणि या शब्दांत खाचखळगे आहेतच. 'सव्वादोन' म्हणजे दोनात पाव मिळवायचा, पण 'पावणेदोन' म्हणजे दोनातून पाव काढायचा. साडेतीन चालतं, मग साडेएक का नाही? 'साडेएक' म्हणणारं पोरगं भाषेत चुकतं, गणितात नाही. त्याला नियम कळलाय, फक्त 'दीड' हा अपवाद माहीत नाही. तिथे हसलात की ते गप्प बसतं.

खरी अडचण वेगळीच आहे. चार तीनापेक्षा मोठे, मग १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. अमेरिकेत ए अँड डब्ल्यूचा १/३ पौंडाचा बर्गर १/४ पौंडाच्या बर्गरपेक्षा लहान समजून लोकांनी नाकारला, असं कंपनीच्या तेव्हाच्या मालकाने आत्मचरित्रात लिहिलंय. भाकरीची अर्धी आणि चतकोर हातात घेतलेल्या मुलाला हे लगेच कळतं: वाटे वाढले की वाटा लहान. छेद म्हणजे किती वाटे, एवढंच.

राज्यात २०२५-२६ मध्ये पहिलीपासून नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यावरची जवळपास सगळी चर्चा हिंदीभोवती फिरली. नव्या पुस्तकांत ३/४ च्या आधी पाऊण येतंय का, हे पालकांनी उघडून बघायला हवं.

तोवर घरी एक करता येईल. एक एकर म्हणजे ४० गुंठे. पाव एकर १०, अर्धा २०, पाऊण ३०. मुलाला विचारा, पावणेतीन एकराचे गुंठे किती? उत्तर ११०. आधी स्वतः करून बघा.