इंग्रजी शब्दांनाही जात होती!

इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, असा समज आपल्या समाजात अजूनही आहे. आपला मुलगा कॉलेजात इंग्रजी बोलताना एके ठिकाणी अडखळला की मान खाली घालतो. जणू ही भाषा वरून घडवून आली आणि तिला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही! हा समज खोटा आहे, हे आम्हाला सांगायचे आहे.

इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन आणि इंग्रजी मात्र नांगर धरणाऱ्याच्या तोंडी, अशी विभागणी झाली. अखेर १३६२ साली न्यायालयात बाजू इंग्रजीतून मांडावी, असा कायदा करावा लागला. कारण ज्याच्यावर खटला त्यालाच वकील काय बोलतो ते कळत नव्हते. आज जगावर मिरवणारी इंग्रजी एके काळी अशी खालच्यांची भाषा होती.

पण सत्ता ज्याच्या हाती, शब्दांची किंमत ठरवणाराही तोच. 'व्हिलन' हा शब्द पाहा. मूळ अर्थ सरदाराच्या जमिनीला जखडलेला, शेतात राबणारा माणूस. आज अर्थ खलनायक! 'नेव्ह' म्हणजे पोरगा, पोऱ्या. त्याचा लबाड झाला. 'नाइट' म्हणजेही मूळचा पोरगा, चाकरच. पण तो घोड्यावर बसून राजासाठी लढू लागला आणि त्याचे नाव पदवी बनले. राबणाऱ्याचे नाव शिवी आणि तलवारवाल्याचे नाव सन्मान! 'गावंढळ' म्हणून हिणवणाऱ्या आपल्या व्यवस्थेला हे तंत्र नवे नाही.

याच इंग्रजीने आपल्या देशातूनही एक शब्द उचलला. तमिळनाडूतील परैयर या जातीच्या नावावरून 'परायाह' हा शब्द तिकडे गेला आणि त्याचा अर्थ झाला बहिष्कृत. जगाने वाळीत टाकलेल्या देशाला आजही वर्तमानपत्रे बिनदिक्कत 'परायाह' म्हणतात. एका जिवंत समाजाचे नाव शिवीसारखे वापरले जाते आणि कुणाला काही वाटत नाही.

मग शब्द बदलतात ते आपोआप? नाही. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ओळखले होते. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी दिलेल्या निवेदनात 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव अपमानास्पद असून ते बदलावे, अशी मागणी केली. राजकीय हक्कांची लढाई चालू असताना बाबासाहेबांना एका इंग्रजी नावासाठी भांडणे क्षुल्लक वाटले नाही. त्यांनी सुचवलेली नावे स्वीकारली गेली नाहीत. पण १९३५ च्या कायद्यात 'डिप्रेस्ड' न राहता 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनीही हेच केले. 'निग्रो' शब्दाचे पहिले अक्षर मोठे छापावे, यासाठी त्यांना झगडावे लागले. न्यूयॉर्क टाइम्सने ते १९३० मध्ये मान्य केले. पुढे तो शब्दच नाकारून त्यांनी 'ब्लॅक' हे नाव अभिमानाने घेतले आणि २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने त्याचेही पहिले अक्षर मोठे केले. आपल्याकडे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरनंतर 'दलित' हा शब्द देशाबाहेर पोचला, इंग्रजी शब्दकोशात बसला. त्या शब्दाविषयी चळवळीत मतभेद आहेत, ते असावेतही. आपले नाव काय असावे हा वाद आपण आपसात करतो आहोत, दुसरा कुणी ते ठेवत नाही, हीच तर प्रगती आहे.

१८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये सावित्रीमाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो साहेबाची नक्कल करण्यासाठी नव्हे. म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे, चुका झाल्या तरी इंग्रजी बोला, लिहा. भाषा बोलणाऱ्याची असते. आणि जिथे 'परायाह' छापलेले दिसेल, तिथे त्या संपादकाला त्याच्याच इंग्रजीत पत्र लिहून जाब विचारा!