पी०३०४ म्हणजे कॉइल नव्हे

गाडी 'मिसिंग' करते म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. बॉनेट न उघडता हातवारे करून सांगेल. सगळे सिलिंडर तालात चालू असताना एकात पेट्रोल पेटतच नाही आणि बाकीचे त्याला ओढत नेतात. (आमच्या प्रोजेक्टमधेही असा एक सिलिंडर आहे. असो.)

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून पुढच्या सगळ्या कार आणि पिकअपमधे ओबीडी-२ पोर्ट असतो. स्वस्तातला रीडर लावला की कोड हातात. पी०३०० म्हणजे मिसफायर आहे, पण एका ठराविक सिलिंडरमधे नाही. पी०३०१ पासून पुढे शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०४ आला की लोक चौथ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल विकत घेतात, बसवतात, आणि गाडी 'रिपेअर झाली' म्हणतात. माझ्या मते हे म्हणजे लॉगमधे एरर दिसली त्या ओळीवर इफ लावून घरी जाण्यासारखं आहे.

कारण कॉम्प्युटरला ठिणगी दिसत नाही. त्याला दिसतो फक्त क्रँकशाफ्टचा वेग. आठ सिलिंडरच्या इंजिनात दर ९० अंशांना एक सिलिंडर पेटतो, प्रत्येक वेळी शाफ्टला किंचित धक्का मिळतो. एक धक्का चुकला की शाफ्ट तेवढ्यापुरता मंदावतो आणि त्या क्षणी कोणाची पाळी होती त्याच्या नावावर बिल फाडलं जातं. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही, की वाल्व नीट बसत नाही, याबद्दल कोड एक अक्षर बोलत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे इथे मिशिगनमधे आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ. लोकांच्या बागांची कामं करतात. २००५ सालचा आठ सिलिंडरचा पिकअप, मागे गवत कापायच्या मशीनचा ट्रेलर. पिकअप बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. त्यांनी वर्षभरात चौथ्या सिलिंडरची कॉइल दोनदा बदलून घेतली होती. दर वेळी दोन-तीन महिने ठीक, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर इंजिनचा दिवाही लागला नाही. फक्त हलक्या चढावर, ताशी साठ-सत्तर किलोमीटरला, वरच्या गिअरमधे गाडी अशी थरथरायची की जणू रंबल स्ट्रिपवरून चाललीय. एका गॅरेजने गिअरबॉक्स खोलायला सांगितला. त्याचा खर्च पिकअपच्या किमतीपेक्षा जास्त!

आता ही थरथर कुठे येते ते बघा. न्यूट्रलला इंजिन मस्त चालतं. व्हॅक्यूम गळती असती तर उलट न्यूट्रललाच जास्त हललं असतं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सुधारलं असतं. इथे लोड जास्त, आरपीएम कमी. अशा वेळी सिलिंडरमधला दाब भरपूर असतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. कॉइलखालच्या रबरी बूटला बारीकशी जरी चीर असली तरी वीज प्लगपर्यंत जायचे कष्ट न घेता शेजारच्या धातूत उडी मारते. त्यामुळे गिअरबॉक्सवर आरोप करण्याआधी प्लगच्या खड्ड्यात डोकावणं स्वस्त पडतं.

दिवा लागलेला नसला तरी बऱ्याच गाड्या 'मोड ६' मधे प्रत्येक सिलिंडरची मिसफायर मोजणी ठेवतात. ती वाचता येणारा रीडर लावून, ट्रेलर जोडून, त्याच चढावर गाडी नेली. चौथ्याचा आकडा वाढत होता, बाकीचे शून्याजवळ. मग चौथ्याची कॉइल बूटसकट दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची चौथ्यावर. बाकी कशालाही हात नाही. पुन्हा तोच चढ. आकडा आता दुसऱ्याचा वाढायला लागला. या अदलाबदलीला एक पैसाही लागत नाही, आणि नव्या पार्टपेक्षा ती जास्त माहिती देते. आकडा चौथ्यावरच राहिला असता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, याच क्रमाने गेलो असतो.

इथवर 'कॉइल खराब' म्हणणारे बरोबरच होते. पण दोन-तीन महिन्यांत कॉइल का मरते, हे कोणीच विचारलं नव्हतं. चौथा सिलिंडर त्या इंजिनात अगदी मागे, केबिनच्या भिंतीला खेटून. टॉर्च मारला तर प्लगच्या खड्ड्यात वाळलेल्या कूलंटचे डाग. बूटवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ, म्हणजे विजेने पाडलेली पायवाट. वरून हीटरकडे जाणारा होज, त्याच्या जोडापाशी ओल. थेंब थेंब. जमिनीवर कधी डाग पडलाच नाही, कारण सगळे थेंब खड्ड्यात.

गिऱ्हाईकाला कॉइल विकून पाठवणारं गॅरेज खोटं बोलत नाही हे मान्य. पण तोच पार्ट त्याच जागी दुसऱ्यांदा जातो तेव्हा तरी टॉर्च मारायला हवा ना? त्या पाच मिनिटांचं बिल लावता येत नाही, एवढंच मला कारण दिसतं.

आणि 'चालतेय तोवर चालवू' हाही पर्याय नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधे जातं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. इंजिनचा दिवा नुसता न लागता लुकलुकायला लागतो तो याच धोक्यासाठी. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी बाजूला घ्यायची.

होज, बूट, कॉइल आणि एक प्लग बदलला, त्याआधी खड्डा हवेने कोरडा केला. गिअरबॉक्स अजून कंपनीतून आला तसाच आहे. प्लग बाकीचे सातही बदलायचेत, पण गवताचा सीझन संपल्याशिवाय ते गृहस्थ गाडी सोडायला तयार नाहीत.