गळ टाकण्याआधी



जुलैच्या पहिल्या आठवड्यात इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनी आमच्या टेबलावर एक अर्ज ठेवला. 'सर, यंदा सहल देवदर्शनाची नको. मासे पकडायला न्या.' खाली एकतीस सह्या. बातमी घरोघरी पोहोचली आणि दोनच दिवसांत पालकांची दोन पत्रे आली. एकात लिहिले होते, 'आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य असतो, मुलाला जीवहत्या शिकवू नका.' दुसऱ्यात विचारले होते, 'पाण्याजवळ नेण्याची जबाबदारी कोण घेणार?' विश्वस्त मंडळानेही आमचे मत मागितले. ते येथेच मांडतो, म्हणजे सर्वांना एकदम कळेल.

आमचे मत असे की सहल जावी. मात्र आता नाही, दिवाळीनंतर. आणि तयारी आजपासून व्हावी.

असे का म्हणतो, ते सांगताना स्वतःची एक चूक कबूल करावी लागेल. काही वर्षांपूर्वी असाच अर्ज आला होता आणि आम्ही त्यावर एका ओळीत 'नामंजूर' असा शेरा मारला होता. पुढच्याच रविवारी चार मुले बांबूची काठी, दोरा आणि कणकेच्या गोळ्या घेऊन गावाबाहेरच्या तलावावर गेली. माळव्याची काळी माती पावसात साबणासारखी होते. एकाचा पाय घसरला. काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका मासेमार बंधूंनी ट्रकची हवा भरलेली ट्यूब पाण्यात लोटली आणि मुलाला ओढून आणले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत येऊन एवढेच म्हणाले, "मास्टरजी, बच्चे तो आएँगे ही. आप साथ ले आते तो अच्छा था." त्या वाक्याला आमच्याजवळ आजही उत्तर नाही. आपण नकार दिला म्हणून तलाव आटत नाही आणि मुलांची हौसही आटत नाही.

आता 'केव्हा' हा प्रश्न. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ. रोहू, कतला, मृगल हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. त्या दिवसांत एक मासा काढणे म्हणजे पुढच्या पिढीवरच घाला. साचलेल्या तळ्यात हे मासे सहसा अंडी घालीत नाहीत, म्हणून तेथे दरवर्षी मत्स्यबीज आणून सोडावे लागते. विद्यार्थ्यांनी अर्ज नेमका बंदीच्या दिवसांत दिला, हाच पहिला धडा समजावा.

मग 'कुठे'? सिरपूर आणि यशवंत सागर ही नावे मुलांनी अर्जातच सुचविली होती. ही दोन्ही ठिकाणे 2022 मध्ये रामसर यादीत आली. यशवंत सागर तर शहराला पाणी देतो आणि तेथे सारस उतरतात. तेथे दुर्बीण न्यावी, गळ नको. नर्मदेवरही गळ नको. महाशीर, ज्याला निमाडात बाडस म्हणतात, 2011 पासून आपल्या राज्याचा राजमासा आहे. त्याला गोट्यांचा तळ आणि खळाळते पाणी लागते. धरणांमागे पाणी थांबले तसा तो दुर्मीळ झाला. शिवाय धरणाखालच्या पात्रात पाणी अचानक वाढू शकते. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे वरून सोडलेल्या पाण्यात जत्रेला आलेले कितीतरी भाविक वाहून गेले. त्या दिवशी ना पाऊस होता ना पूर. नदी शांत दिसते म्हणून ती सुरक्षित असते असे नाही, हे मुलांना कळलेच पाहिजे.

म्हणून आम्ही देपालपूरच्या बाजूचा एखादा गावतलाव सुचवितो. असे तलाव मच्छीमार सहकारी समित्यांना पट्ट्याने दिलेले असतात. त्यातला मासा त्यांच्या मेहनतीचा आहे. तेव्हा समितीची लेखी परवानगी घ्यावी, ठरेल ती रक्कम द्यावी आणि त्यांच्यापैकीच दोघांना त्या दिवसाचे गुरुजी म्हणून मान द्यावा. दहा मुलांमागे एक शिक्षक आणि पोहणारा एक मोठा माणूस असावा. काठावर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे. पाण्यात कोणीही उतरणार नाही. कोणी पडलाच तर उडी न मारता दोर किंवा रिकामा बंद डबा फेकायचा, याचा सराव शाळेच्या मैदानावर आधीच होईल.

राहिला जीवहत्येचा प्रश्न. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. महेश्वरच्या घाटावर भाविक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. अहिल्यादेवींनी माशांच्याही अन्नाची सोय केली होती, असे सांगतात. तो संस्कार आपलाच आहे. पण आपल्याच वर्गात अशीही मुले आहेत ज्यांच्या घरची चूल माशांवर चालते. आम्ही सरसकट 'पाप' म्हटले तर त्या मुलांनी मान खाली घालून बसायचे काय? एका घराचा आचार जपताना दुसऱ्या घराचा अपमान होता कामा नये.

आधी आम्हाला वाटले, पकडून परत सोडावे, म्हणजे दोन्ही बाजू राजी. हे त्या मासेमार बंधूंना बोललो तर ते म्हणाले, "खाना नहीं है तो काँटा क्यों चुभाना?" बोलणे पटले. मासा खेळणे नव्हे. तेव्हा नियम असा ठरवावा: जेवढे खाणार तेवढेच धरायचे, लहान मासा लगेच पाण्यात, आणि कोणाचा मासा मोठा अशी स्पर्धा मुळीच नाही. ज्यांना गळ धरायचा नाही त्यांनी पाण्याचे तापमान मोजावे, पक्षी नोंदवावेत, जाळे विणायला शिकावे. त्यांचे जेवण वेगळ्या चुलीवर होईल. सक्ती कोणालाच नाही.

आणखी एक लोभ आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. प्राणिशास्त्रात 'सौल' आणि 'बाम' शिकलो. आजोळी गेल्यावर कळले की मराठीत तेच मरळ आणि वाम. घरात मासा शिजत नसेल तर मुलांच्या कानावर हे शब्द पडायचे कुठून? पाण्याकाठी ऐकलेला शब्द विसरला जात नाही. दोन्ही भाषांतील नावांची वही प्रत्येकाने करावी.

पालकांनी आपले मत, होकार असो वा नकार, या महिनाअखेरपर्यंत कार्यालयात लेखी द्यावे. विद्यार्थ्यांनी परवानगीच्या अर्जाचा मसुदा स्वतः लिहून आणावा. तो नीट जमला तर विश्वस्तांपुढे आम्ही स्वतः ठेवू. यावेळी एका ओळीचा शेरा मारणार नाही, एवढा शब्द देतो.

आपला,
प्राचार्य