उन्हाचे गिऱ्हाईक

गोव्यात येऊन राहण्याची हौस अलीकडे देशभर पसरली आहे. दिल्ली, मुंबई, बंगळूर येथील सधन मंडळी प्रथम बार्देशातील आसगाव, शिवोली, हळदोणे, मयडे अशा गावांत घरे घेऊ लागली. 2023 च्या जानेवारीत मोपच्या विमानतळावरून विमाने उडू लागल्यावर पेडण्यातील मांद्रे-मोरजीकडेही हा ओघ वळला. येथे जागा महाग, भाडे महाग, बाजारातील इसवणाला हात लावण्याची सोय नाही. असे असता, बाबांनो, आपण येथेच का येता, असे या मंडळींना विचारले तर उत्तर ठरलेले असते: ऊन, समुद्र, मोकळी हवा आणि निवांत आयुष्य. हे उत्तर जाहिरातींतून आणि वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा छापून आले आहे की, आता आम्ही गोमंतकीयही ते खरे मानू लागलो आहोत. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, हे उत्तर खोटे आहे. आणि ते खोटे असल्यामुळेच त्याच्या आधारावर रचलेले सगळे धोरण अनर्थाला कारण झाले आहे.

पहिली गोष्ट उन्हाची. तेरेखोलची खाडी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. दक्षिणेस पोळ्याच्या पुढे गेले की कारवार. वेंगुर्ल्याचे ऊन हरमलच्या उन्हाहून फिके आहे काय? कारवारच्या वाळूत काणकोणच्या वाळूपेक्षा काही उणे आहे काय? समुद्र तोच, माड तेच, वारा तोच. ऊन हाच विक्रीचा माल असता तर तो या तिन्ही ठिकाणी एकाच भावाने विकला गेला असता. शिवाय, गोव्याला उन्हाचा प्रदेश म्हणणाऱ्याने गोव्याचे अर्धेच वर्ष पाहिले आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि गोव्याचे जीवन बेतले गेले आहे ते या पावसावर. आमच्या आयांना ऊन हवे असे ते खारे मासे, आमसुले, पापड, मिरच्या वाळविण्यापुरते. म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्यापुरते. उन्हाचे गिऱ्हाईक मात्र पहिली सर आली की घराला कुलूप लावून निघून जाते.

मग हे गिऱ्हाईक एवढे पैसे मोजून विकत तरी काय घेते? ते गाव विकत घेते. सज्जात बसले असता समोर हिरवेगार शेत दिसावे, त्यापलीकडे खाडी, बांधावर बगळे, आंब्याच्या सावलीत एखादी घुमटी किंवा क्रूस, तिन्हीसांजेला देवळातली घंटा किंवा कपेलातली लदाईन कानी यावी, शेजारीण पेजेची चौकशी करून जावी, रात्री दार नुसते लोटून निजता यावे, ही त्याची खरी इच्छा आहे, आणि ती मुळीच वाईट नाही. परंतु या देखाव्यातील एकही वस्तू निसर्गाने आयती दिलेली नाही, हे त्याला ठाऊक नसते. ते हिरवे शेत म्हणजे खाजन. एके काळी तेथे भरती-ओहोटीचे खारे पाणी खेळत होते. कोणे काळी आमच्या पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून ती भूमी खाडीच्या तोंडातून काढली. बांधाला मानस बसविली. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडावे, भरतीला खारे पाणी अडवावे, आणि खारटाणातही तग धरणारे कोरगूट भात पिकवावे, अशी ही व्यवस्था. एक बांध फुटला की एका वर्षाचे नव्हे, कित्येक वर्षांचे पीक बुडते. म्हणून बांधाची राखण एकट्या-दुकट्याकडे नव्हती, ती सगळ्या गावाकडे होती. या गांवकरीच्या चालीरीती पोर्तुगीजांना येथे आल्यावर 1526 साली फोराल म्हणून लिहून काढाव्या लागल्या. कारण त्या मोडून जमिनीचा महसूल हाती लागणे शक्य नव्हते. दलाल आज ज्याला 'देखावा' म्हणून भाव सांगतो, तो शतकानुशतके एकत्र राबलेल्या माणसांचा घाम आहे.

गांवकरी म्हणजे रामराज्य होते, असे म्हणण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. तीत वाटा होता तो गांवकऱ्यांच्या पुरुष-संततीला. मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राही, आणि भाटकाराची मर्जी फिरली की त्याची चूल उठे. स्वातंत्र्यानंतर 1964 चा कूळ-कायदा, 1975 चा मुंडकार-संरक्षण कायदा आणि 1976 ची कूळ-कायद्याची पाचवी दुरुस्ती आली, आणि कसणाऱ्याला जमिनीवर व राहणाऱ्याला छपरावर हक्क मिळाला. हा न्याय होता, आणि त्याबद्दल खेद करणारा आमच्या पंक्तीला बसावयास नको. परंतु त्याबरोबरच बांध राखण्याची जबाबदारी गांवकरीकडून कूळ-संघांकडे गेली आणि बहुतेक ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही, हेही कबूल केले पाहिजे. ज्या जमिनीसाठी बापाने कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या, तीच आज मुलगा दलालाच्या हाती देत आहे.

आणि का देऊ नये, असे तो विचारतो. त्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. आमच्या वारसा-कायद्यात मुलगे-मुली सारखेच वाटेकरी असतात. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली ही गोष्ट न्याय्यच आहे. पण आजोबांच्या एका घराचे आता डझनभर वाटेकरी झाले. त्यांतले कोणी मुंबईत, कोणी आखातात, कोणी पोर्तुगीज पासपोर्टावर विलायतेत. कौले फुटली, वाशांना वाळवी लागली. दुरुस्तीला कोणी पैसा देत नाही, आणि विकावयाचे म्हटले की सगळे एका दिवसात एकमत होतात. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील साधारणपणे पाचांत एक घर रिकामे आढळले. त्यांतली काही अशी वाटेकऱ्यांच्या वादात पडलेली आहेत, काही गिऱ्हाइकाने घेऊन कुलूप घातलेली. दोन्ही घरांत दिवा लागत नाही.

आषाढात बार्देशातील एखाद्या गावाचा फेरफटका मारून पाहावा. उंच कुंपणे, लोखंडी फाटके, आत निळा जलतरण तलाव, आणि ओसरीवर पगारी राखणदार. पूर्वी गावचा राखणदार म्हणजे वेशीवरचा देव. त्याला वर्षाकाठी रोंट दिला की भागे. ज्या पायवाटेने पोरे शाळेला जात, ती फाटकाच्या आत गेली आहे. टँकर पाणी उपसून नेतो, आणि शेजारची विहीर मार्गशीर्षातच तळ दाखविते. शेत भरून काढल्यावर पावसाचे पाणी जाईल कोठे? ते मुंडकाराच्या घरात शिरते. मुंडकाराचा मुलगा लग्नाला आला आहे. त्याला गावात दोन खोल्या भाड्याने मिळत नाहीत, कारण महिन्याच्या भाड्यापेक्षा पाहुण्यांच्या चार रात्रींत मालकाची अधिक कमाई होते. तो तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला राहावयास जातो. मग दिंडीला टाळ धरणारा, जागराला नाचणारा, फेस्ताला खांदा देणारा एक माणूस कमी होतो. असे पन्नास गेले की गाव राहत नाही. गावाचे चित्र तेवढे राहते.

याचा अर्थ असा की, महागाई ही या मंडळींनी उन्हासाठी सोसलेली किंमत नव्हेच. ती किंमत भरतो तो येथे राहण्याची ज्याने कधी 'निवड' केली नाही असा मनुष्य. जो येथे जन्मला, आणि ज्याला दुसरीकडे जाण्याचे कारण नव्हते.

आता आक्षेप. कोणी म्हणेल, भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. दिला आहे, आणि तो आम्हांला मान्य आहे. आमचा प्रश्न 'स्थायिक' या शब्दापाशी सुरू होतो. वर्षातून वीस दिवस येणारा मनुष्य स्थायिक कसा? दुसरा आक्षेप अधिक झोंबणारा आहे: गोंयकारच जगभर पसरले आहेत, मग इतरांनी येथे येऊ नये हे ते कोणत्या तोंडाने सांगतात? याचे उत्तर या पत्राचे वाचकच देऊ शकतील. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदली. त्यांनी तेथील भाषा शिकली, तेथील लोकांबरोबर चाकरी केली, शाळा काढल्या, ग्रंथालये चालविली, आपली हाडे त्या मातीत ठेवली. मुंबईच्या धोबीतलावावरील कुडींत राहणारा गोंयकार खलाशी किंवा आचारी त्या शहराच्या पोटासाठी राबला. हे लोक परक्या गावचे बारा महिने सोसून तेथले झाले. अशा माणसाला आम्ही गोव्यात कधीच 'भायलो' म्हणणार नाही. किंबहुना आज आमच्या शेतांत लावणी करणारे, ट्रॉलरवर जाळी ओढणारे, गिऱ्हाइकाच्या हवेलीच्या विटा वाहणारे झारखंड-ओडिशा-कर्नाटकातले मजूर आमच्या अधिक जवळचे आहेत. कित्येक सरकारी प्राथमिक शाळांत आज मराठी-कोंकणीची मुळाक्षरे गिरवितात ती त्यांचीच मुले. आमचा राग बाहेरून येणाऱ्यावर नाही. येऊनही बाहेरच राहणाऱ्यावर आहे.

सरकारचे वर्तन याबाबत दुतोंडी आहे. 2006 मध्ये अधिसूचित झालेला 'प्रादेशिक आराखडा 2011' लोकांनी रस्त्यावर येऊन हाणून पाडला, आणि 2007 च्या आरंभी तो मागे घ्यावा लागला. त्यापासून घेतलेला धडा असा की, सबंध गोवा एकदम विकावयास काढू नये, तुकड्यातुकड्याने काढावा. 2023 साली एका हाताने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यास बंदी करणारा कायदा केला. त्याच साली दुसऱ्या हाताने नगरनियोजन कायद्यात 17 (2) हे कलम घालून, आराखड्यातील 'चुका' सुधारण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा वापर बदलण्याची वाट मोकळी केली. त्याखालचे नियम 2025 साली उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. पण तत्पूर्वीच, 2024 मध्ये, 39-अ हे कलम तयार होते. ज्या राज्याला शेत ही चूक वाटते आणि हवेली ही दुरुस्ती वाटते, त्याच्याकडून खाजनाची राखण होणार कशी?

पण सरकारला शिव्या देऊन आपली सुटका नाही. आम्ही, मराठी आणि कोंकणी लिहिणारे-वाचणारे, या साठ वर्षांत काय करीत होतो? 1967 च्या जनमत कौलात कोणी फुलाला मत दिले, कोणी दोन पानांना. 1986 साली राजभाषेसाठी एकमेकांची डोकी फुटली. देवनागरी की रोमी हा वाद अजून चालूच आहे. हे प्रश्न क्षुल्लक होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या अंगणात बसून आजी कोंकणीत रागावे आणि मराठीत हरिपाठ म्हणे, ते अंगण आपल्या भांडणाच्या काळातच विकले गेले. ज्याने ते घेतले तो दोन्ही भाषा जाणत नाही. त्याला आपल्या वादाचा निकाल काय लागला हे विचारण्याचीही गरज पडलेली नाही. बोलणारे गावात उरले नाहीत तर राजभाषा राजपत्रात राहील, ओठांवर राहणार नाही.

करावयाचे ते अशक्य नाही. वेल्समध्ये समुद्रकाठच्या गावांवर असाच प्रसंग आला, आणि तेथेही भाषेचाच प्रश्न होता. 2023 पासून तेथील स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करापेक्षा तीनशे टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. आमच्या पंचायतींनी प्रथम मोजदाद करावी: गावात किती घरे बारमाही, किती कुलुपी. कुलुपी घरांवर जबर घरपट्टी बसवावी, आणि तो पैसा बांध, मानस आणि गावच्या तरुणांना परवडेल अशा भाड्याच्या घरांवर खर्च करावा; त्यासाठी कायद्यात जो बदल लागेल तो विधानसभेकडे मागावा. ग्रामसभेच्या संमतीवाचून शेताच्या एका चौरस मीटरचाही वापर बदलू नये. आणि आपण, वाटेकऱ्यांनी, घर काढण्यापूर्वी एकदा तरी वाड्यावर विचारावे: कोणी राहावयास घेता काय? दलालाच्या भावाने ते घेणार नाहीत. थोडे कमी घ्यावे लागेल. तेवढा तोटा सोसण्याची आपली तयारी नसेल, तर गाव गेल्याचे दुःख करण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

राहावयास येणाऱ्यालाही आमचे एकच सांगणे आहे. यावे, पण जून महिन्यात यावे. पावसात कौले शाकारावीत, चिखल तुडवून ग्रामसभेला जावे, बांध फुटला तर टोपली घेऊन उभे राहावे, मुलाला वाड्यावरच्या शाळेत घालावे. चार पावसाळे असे काढल्यावर ऑक्टोबरात जे ऊन पडेल, ते त्याचेही असेल, आणि त्याला ते कोणाकडून विकत घ्यावे लागणार नाही.