विहारात बीपीचं मशीन ठेवायलाच हवं

सातवा महिना लागला की पहिलटकरीण माहेरी येते. सासर लातूरला, माहेर नांदेडला, किंवा उलट. गर्भमंगलाचा कार्यक्रम होतो, पिशवी भरून साड्या येतात; तपासणीचं कार्ड मात्र पुष्कळदा सासरच्या कपाटातच राहतं. इकडची नर्सताई बीपी मोजते: १३८ आणि ८८. "अजून हद्दीत आहे," म्हणते. तिसऱ्या महिन्यात हाच आकडा १०० आणि ६० होता, हे तिला कोण सांगणार? गरोदरपणातलं बीपी विसाव्या आठवड्यानंतर आणि बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतं. म्हणजे मुलगी घर बदलते त्याच दिवसांत. साडी राहिली तर चालेल, कार्ड राहता कामा नये.

हा आजार "टेन्शनमुळे" होतो असं घरोघरी ऐकू येतं. तसं नाही. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक अतिशय पातळ अस्तर असतं. त्या अस्तरात एक एन्झाइम काम करतं, नाव नायट्रिक ऑक्साईड सिंथेज. अन्नातल्या प्रथिनांमधून मिळणाऱ्या आर्जिनिन नावाच्या घटकापासून ते नायट्रिक ऑक्साईड हा वायू तयार करतं. हा वायू रक्तवाहिनी सैल ठेवतो. (वायूचं हे काम ओळखणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं.) गरोदरपणात रक्त वाढतं, तरी बीपी वाढत नाही, उलट मधल्या महिन्यांत थोडं उतरतं, कारण रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात.

काही बायकांत सुरुवातीलाच बिघडतं. वारेच्या पेशींनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या असतात. त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते, जे त्या पातळ अस्तराला इजा करतात. एन्झाइमचं काम मंदावतं, रक्तवाहिन्या आवळतात. बीपी १४० आणि ९० च्या वर जातं, मूत्रपिंडातून प्रथिनं लघवीत गळतात, यकृतावर ताण येतो, मेंदूपर्यंत पोचलं तर झटके येतात. यात तिची काही चूक नाही. आर्जिनिनसाठी मूठभर शेंगदाणे वाढवून हा आजार बरा होत नाही आणि मीठ तोडूनही टळत नाही. खरा शेवट बाळंतपणानंतरच होतो. तोवर आईला आणि बाळाला सांभाळत न्यायचं असतं.

आता कडू बोलतो. झटके आले की "बाहेरचं झालं" म्हणणारी माणसं आपल्याही वस्तीत आहेत. भानामतीच्या गोष्टी मराठवाड्याला नव्या नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात बाईला आधी अंगाऱ्याकडे नेतात आणि मग दवाखान्यात, तेव्हा मधले दोन तास तिच्या जिवावर बेततात. या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे. ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या दवाखान्यात पाठवत असतील तर १०८ ची गाडी येईपर्यंत विचारा: "मॅग्नेशियमचा पहिला डोस दिला का?" विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, तोंडा-हातावर अचानक सूज, बरगडीखाली दुखणं: यातलं एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. बरगडीखालच्या दुखण्याला आपण "पित्त झालं" म्हणून सोडा पाजतो, ते थांबवा. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवसही धोक्याचेच. जिला आधीपासून बीपीची गोळी चालू आहे, तिने दिवस राहताच डॉक्टरांना गोळी दाखवावी. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक असतात. दुसऱ्या सुरक्षित गोळ्या आहेत. मागच्या खेपेला हा त्रास झाला असेल तर बाराव्या आठवड्यानंतर लवकरच अ‍ॅस्पिरिनबद्दल विचारावं, मनाने घेऊ नये.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. पण रोजंदारीवरची बाई, ऊसतोडीला गेलेली बाई ती तारीख पाळू शकत नाही. विहारात मात्र ती पौर्णिमेला येते, वर्षावासात ग्रंथवाचनाला येते. म्हणून मशीन तिथे हवं. काही ज्येष्ठ म्हणतात, विहार म्हणजे दवाखाना नव्हे. मान्य, औषध तिथे कुणीच देऊ नये. पण आकडा मोजून वहीत लिहिणं आणि वाढला तर आशाताईला कळवणं, यात वंदनेला बाधा कुठे येते? बाबासाहेबांनी १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली, तेव्हा बाळंतपणाआधीच्या विश्रांतीचाही प्रश्न त्यांनी मांडला होता. गिरणीतल्या बाईचं पोट हा त्यांना सभागृहात बोलण्याचा विषय वाटला. आपल्याला विहारात बोलायला लाज का वाटावी?

मोजताना बाईला पाच मिनिटं टेकून बसू द्या, हात छातीच्या उंचीवर ठेवा, पट्टा बाहीवरून बांधू नका. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि मशीन कोणत्या दोन उपासिकांच्या ताब्यात राहील तेही त्याच दिवशी ठरवा. नाहीतर ते समितीच्या कपाटात कुलपात पडून राहील.