जुन्या किट कारचं स्टिअरिंग आणि तुमच्या फोनची स्क्रीन: दुरुस्ती कोणाच्या हातात?

ब्रिटनमध्ये २६ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम सैल झाले. जुनी गाडी मूळ होती तशीच दुरुस्त केली असेल, तर आता डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या नोंदणी खात्याला, कळवावं लागत नाही. सांगाड्यात मोठा बदल केला असेल तर कळवायचं, पण गाडीची मूळ ओळख टिकवता येते.

आधी इथे गुणांचं गणित होतं. खूप बदललेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर किमान ८ गुण लागायचे. मूळ चासीचे ५, सस्पेन्शनचे २, ॲक्सलचे २, गिअरबॉक्सचे २, स्टिअरिंगचे २ आणि इंजिनचा फक्त १! गुण कमी पडले की नव्याने तपासणी आणि 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर.

ही बातमी आपल्यासाठी का? कारण प्रश्न तोच आहे जो तुमच्या फोनबद्दल आहे: विकत घेतलेली वस्तू उघडून दुरुस्त करायचा हक्क कोणाचा, आणि ती दुरुस्ती सुरक्षित आहे हे कोण ठरवणार?

किट कार म्हणजे काय?

सुटे भाग विकत घ्यायचे आणि घरी जोडून गाडी बनवायची, ती किट कार. सगळ्यात प्रसिद्ध नाव १९५७ ची लोटस सेव्हन. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून हा धंदा फोफावला. पुढे १९८० च्या दशकात लोक गंजलेल्या फोर्ड एस्कॉर्ट, कॉर्टिनाचे भाग काढून नव्या हलक्या चासीवर बसवू लागले.

गडबड इथेच सुरू होते. भाग एका गाडीसाठी डिझाइन केलेले, वजन आणि मापं दुसऱ्याच गाडीची. लोटस सेव्हनसारखी गाडी भरते साधारण ५०० किलो. जड गाडीची स्प्रिंग तिच्यावर तशीच लावली तर ती नीट दबतच नाही. मग खड्ड्यावर टायर रस्ता सोडून उडतो, आणि हवेत असलेलं चाक ना वळवतं, ना थांबवतं.

बिघाड शोधायचा कसा?

तक्रारी ठरलेल्या असतात: स्टिअरिंगमध्ये प्ले आहे, गाडी एका बाजूला ओढते, वेगात हँडल थरथरतं. कोडमध्ये बग शोधतो तसंच इथेही करायचं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि सोप्यापासून सुरुवात करायची.

१. आधी टायरची हवा आणि झीज बघा. बऱ्याच वेळा गाडी ओढण्याचं कारण इथेच सापडतं.

२. पुढचं चाक उचला, गाडी स्टँडवर टेका (नुसत्या जॅकवर कधीच नाही) आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटवर संशय. आता कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट.

३. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथला प्ले बहुतेक टाय रॉडच्या टोकाचा किंवा स्टिअरिंग रॅकचा.

४. लोअर आर्मचे रबर बुश बघा. रबर फाटलं असेल तर ब्रेक मारताच चाकाची दिशा बदलते.

५. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेपासून समान अंतरावर सुतळी ताणायची. सुतळीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजायचं. दोन्हींतला फरक सांगतो की चाक आत वळलंय की बाहेर. झिजलेले सांधे तसेच ठेवून अलाइनमेंट केली तर पैसे वाया.

किट कारचा खास आजार म्हणजे बंप स्टिअर. चाक खड्ड्यावरून वर जातं तेव्हा लोअर आर्म आणि टाय रॉड आपापल्या कमानीत फिरतात. रॅक चुकीच्या उंचीवर बसवला असेल तर या दोन कमानी जुळत नाहीत. टाय रॉड चाकाला ढकलतो आणि तुम्ही स्टिअरिंग न फिरवताच गाडी वळते. काही जण यावर कडक स्प्रिंग लावतात. त्याने चाक कमी हलतं, म्हणून लक्षण झाकलं जातं, पण कारण तसंच राहतं. खरा उपाय म्हणजे चकत्या लावून रॅकची उंची बदलणं आणि प्रत्येक वेळी चाक वर-खाली करून पुन्हा मोजणं.

दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचं उदाहरणही याच गाडीत आहे. लोटस सेव्हनच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये ट्रायम्फ हेराल्डचे भाग वापरले होते. ही तीच गाडी, जी आपल्याकडे मद्रासमध्ये 'स्टँडर्ड हेराल्ड' नावाने बनायची. तिच्या चाकाच्या खालच्या सांध्यात स्टीलचा खांब आट्यांवर फिरतो. तिथे वेळच्या वेळी ऑइल गेलं नाही की पाणी शिरतं, गंज चढतो, आटे झिजतात. शेवटी खांब मोडून चाक आडवं पडतं. थोडंसं ऑइल घालायचं राहिलं, एवढंच कारण.

नव्या गाडीत हे जमेल?

यांत्रिक तपासणी आजही जमते, पण त्यापुढे सॉफ्टवेअर येतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये सेन्सर असतात. अनेक गाड्यांत रॅक बदलला की तो कंपनीच्या स्कॅनरने कॅलिब्रेट करावा लागतो. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तर स्टिअरिंग आणि चाकांमध्ये यांत्रिक जोडच नाही, सगळं वायर आणि कोडवर चालतं. तिथे बिघाड सुतळीने सापडणार नाही. फोनची अस्सल स्क्रीन दुसऱ्या फोनमध्ये लावली तरी काही फोनवर 'अनोळखी पार्ट' असा मेसेज यायचा, त्याच जातीचा हा प्रकार. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून फोनमधल्या अशा सॉफ्टवेअर कुलपांवर बंदी आणली.

कंपन्या सुरक्षिततेचं कारण देतात. ते खोटं नाही, कारण स्टिअरिंग चुकीचं बसलं तर तुमच्याबरोबर समोरचाही मरतो. पण ब्रिटनने त्यासाठी पाना काढून घेतला नाही. तिथे नवी बनवलेली किट कार रस्त्यावर आणायची तर आयव्हीए ही तपासणी पास व्हावी लागते. त्यानंतर साधारण ३ वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना दरवर्षी एमओटी असते, ज्यात स्टिअरिंग आणि सस्पेन्शन बघतात. म्हणजे दुरुस्ती कोणीही करा, ती बरोबर झाली हे दाखवा.

आपल्याकडे काय?

आपला रोख वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलांविरुद्ध गाडीत बदल चालणार नाही. घरी बनवलेल्या गाडीला इथे जवळपास वाट नाही. उलट खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते आणि फिटनेस तपासणी नूतनीकरणाच्या वेळी येते. बदलावर कडक बंदी, पण झिजलेल्या बॉल जॉइंटकडे १५ वर्षं सरकारी नजर जात नाही. अपघाताच्या दृष्टीने बघितलं तर हे उलटं आहे.

दुरुस्तीच्या हक्काबाबत थोडी हालचाल झाली आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग त्यात आहेत. वस्तू दुरुस्त करणं किती सोपं आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकावर २०२५ मध्ये समितीचा अहवालही आला, पण त्याचा भर फोन आणि उपकरणांवर आहे.

गाड्यांनाही तो लागू व्हायला हवा, आणि त्यात सुट्या भागांच्या किमतीइतकंच कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरला वजन हवं. तोवर गाडी घेताना शोरूममध्ये मायलेजबरोबर एक प्रश्न नक्की विचारा: स्टिअरिंग रॅक बदलला तर बाहेरचा मेकॅनिक तो सेट करू शकेल का? आणि घरातली गाडी जुनी असेल तर पुढच्या सर्व्हिसला चाक उचलून प्ले स्वतः बघा. त्याला पाच मिनिटं लागतात.