पेठांमधला माल बिनधुराचा पोचवा

पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत माल उतरायला लागला की रस्ता तुंबतो. मधोमध छोटा हत्ती उभा, इंजिन सुरूच. मागे रिक्षा, दुचाक्या, एखादी हातगाडी. खोकी पाठीवर घेतलेले हमाल धुराड्याला घासून ये-जा करतात आणि दुकानातला नोकर दिवसभर तोच धूर नाकातोंडात घेतो. यातला बराचसा माल जातो तो नारायण, सदाशिव, कसबा पेठेत, फार तर कोथरूडपर्यंत. एवढ्याशा अंतरासाठी डिझेल जाळण्याची आता गरज उरलेली नाही.

विजेवरच्या मालवाहू सायकली आणि तीनचाकी आज बाजारात मिळतात. पियाजिओची विजेवरची मालवाहू आपे तर आपल्या बारामतीतच बनते. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या हलक्या दुचाकीला केंद्राच्या नियमांनुसार नोंदणीही लागत नाही आणि चालवायला लायसन्सही लागत नाही. लक्ष्मी रस्त्यावर दुपारी याहून जास्त वेगाने जातंय कोण?

वेळेचा हिशेबही विजेच्याच बाजूने आहे. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये मालवाहू सायकलींची व्हॅनशी तुलना केली. शहराच्या मध्यभागात व्हॅन तासाला सहा पार्सलं पोचवते तिथे सायकलने दहा पोचवली. कारण साधं आहे: सायकल गल्लीत शिरते, दारात थांबते, पार्किंग शोधत फिरत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शंभराहून अधिक वर्षं त्यांचं काम लोकल, सायकल आणि पायांवर चाललं आहे.

महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावर बनते, हा आक्षेप खरा आहे. पण वाड्याच्या खिडकीखाली, शाळेच्या फाटकाशी निघणारा धूर थांबतो, आणि हा फायदा त्याच दिवसापासून मिळतो.

दिल्ली सरकारने 2023 मध्ये मोठ्या डिलिव्हरी कंपन्यांसाठी योजना काढली. त्यांच्या सगळ्या गाड्या 1 एप्रिल 2030 पर्यंत विजेवर आल्या पाहिजेत, अशी अट तिच्यात आहे. पुण्याने तशा हुकुमाची वाट पाहत बसू नये.

म्हणून पेठांमधल्या व्यापाऱ्यांना कळकळीची विनंती: पुढचा माल सांगताना टेम्पोवाल्याला विजेच्या गाडीबद्दल जरूर विचारावं. जवळच्या चार दुकानांनी मिळून एक गाडी ठरवली तर भाडंही विभागलं जाईल. माल उतरताना इंजिन बंद ठेवायला आजपासूनच सांगावं. त्याला पैसा लागत नाही. सोसायट्यांनी पार्किंगमधला एक चार्जिंग पॉइंट डिलिव्हरीवाल्या मुलांना मीटर लावून, रास्त दरात वापरू द्यावा. यातली बरीच मुलं पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरतात. ग्राहकांनी दिवसभरात चार ऑर्डरी देण्याऐवजी एकदाच यादी करावी, आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटांची घाई करू नये.

महापालिकेने प्रत्येक पेठेत माल उतरवण्यासाठी जागा आखून द्यावी आणि तिथे विजेच्या गाड्यांना पहिला मान द्यावा. ही मागणी नागरिकांनी आपापल्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यावी, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.